चाळीस पानांचा होकार

माझ्या थोरल्या मेहुण्यांना आजवर कुणी पाव मिलिमीटरनेही फसवलेलं नसेल. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य सुट्या भागांची तपासणी करण्यात घालवलं. आलेला तुकडा मोजायचा, नकाशाशी ताडायचा. जुळला तर शिक्का, नाही तर परत. निवृत्त होताना मिळालेलं भेटीचं घड्याळ रोज अकरा सेकंद पुढे जातं, हे त्यांनी आठवडाभरात शोधून काढलं आणि तसं पत्र लिहून ते घड्याळ परत पाठवलं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी कायम असते. ती भाजीबाजारात काकडीला लागते, शिंप्याकडे काजाला लागते, आणि एकदा पंचवटीतल्या एका हॉटेलात दोनदा टेकवून डोशाला लागलेली मी स्वतः पाहिली आहे. मालक म्हणाला, "काका, खायचाय की शिवायचाय?" मेहुणे शांतपणे म्हणाले, "मागच्या महिन्यात अकरा इंची होता."

मी मुलगी पाहायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बोलता बोलता माझी उंची पाच फूट सहा इंच असल्याचं सांगितलं. पोह्यांची बशी माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी मला दाराच्या चौकटीला उभं केलं. "अर्धा इंच कमी आहे," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून जाहीर केलं, "पण चालेल. एवढी सूट देता येते." आतून कुणीतरी खळखळून हसलं. मुलगी दिसण्याआधी तिचं हसू ऐकलेला मी बहुधा एकटाच नवरा असेन. त्या हसण्याच्या सोबतीने मी एकतीस वर्षं काढली.

मेहुणे तिला बेबी म्हणत. तिचे केस पांढरे झाले, ती शाळेची मुख्याध्यापिका झाली, तरी फोन आला की पहिला शब्द 'बेबी' आणि दुसरा 'बीपी किती?' ती मुद्दाम एखादा आकडा ठोकून द्यायची. "काल तर वेगळा होता," असं पलीकडून आलं की फोनवर हात ठेवून हसत सुटायची.

गेल्या पौषात ती गेली. मेहुणे रडले नाहीत. दहाव्याला गोदावरीच्या काठावर गुरुजी पिंड मांडत होते, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "गुरुजी, आकार सारखे नाहीत." गुरुजींनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पिंड पुन्हा वळायला घेतले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बजावलं, "तेराव्याचं जेवण माहेरचं. दाजी, तुम्ही पाकिटाला हात लावायचा नाही." आमच्या गल्लीच्या टोकाला एका आचाऱ्याचं स्वयंपाकघर आहे. त्याच्याकडे मेहुण्यांनी चाळीस पानं सांगितली, दोनशे वीस रुपये पान. पाच हजार आगाऊ दिले, उरलेले तीन हजार आठशे जेवणं झाल्यावर द्यायचे ठरले. तेराव्याला ते दाराशी वही घेऊन बसले आणि आलेल्या प्रत्येक माणसामागे एक उभी रेघ ओढत गेले. रेघा बरोबर चाळीस झाल्या. मंडळी निघाली तेव्हा सगळ्यांना हात जोडायचे असल्यामुळे त्यांनी आपलं नवं डेबिट कार्ड आचाऱ्याच्या हाती दिलं आणि म्हणाले, "तीन हजार आठशे." हल्ली लहान रकमेला गुप्त आकडाही लागत नाही. आचाऱ्याने कार्ड यंत्राला टेकवलं आणि परत आणून दिलं.

परतीच्या बसमध्ये मेहुण्यांनी मोबाइलवर बँकेचा निरोप वाचला. खात्यातून चार हजार चारशे साठ गेले होते. दहाव्या मैलावर ते बसमधून उतरले आणि उलट्या बसने आमच्या दारात हजर झाले.

"सहाशे साठ जास्त. म्हणजे तीन पानं. बेबीच्या तेराव्याला चोरी झाली, दाजी."

मी म्हटलं, "जाऊ द्या ना दादा. तिच्या नावाने भांडण नको." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू वाकडा स्क्रू पास करा म्हणून मी सांगत होतो.

मग बँकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. सोबत मीही असायचो. घरात बसून मला तरी दुसरं काय करायचं होतं? तक्रारीचा अर्ज भरला, आगाऊ रकमेची पावती जोडली, वहीतल्या चाळीस रेघांचीही झेरॉक्स जोडली. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. "काका, सहाशे साठ रुपयांसाठी एवढं ऊन झेलताय?"

"मॅडम, रक्कम बाजूला ठेवा. मी तीन हजार आठशेला हो म्हटलं होतं. त्यापुढचं 'हो' माझं नाही. ते कुणाचं आहे, एवढं मला शोधून द्या."

तिने सांगितलं, की बँक आचाऱ्याकडे खुलासा मागेल, आणि तो पटला नाही तर त्याचं यंत्र बंदसुद्धा होऊ शकतं. मेहुण्यांनी मान डोलावली. मला मात्र त्या माणसाची काळजी वाटली. लग्नसराई तोंडावर आली होती.

चौथ्या दिवशी आचारी स्वतःच घरी आला. मेहुणे माझ्याकडेच होते. तो दारातच उभा राहिला.

"साहेब, चोरी नाय केली मी."

"मग त्रेचाळीस कोण जेवलं? माझ्याकडे रेघा आहेत."

"मानसं चाळीसच जेवली."

"आणि तीन पानं?"

"एक पान गाईला गेलं. एक गच्चीवर कावळ्याला ठेवलं. आन एक…" त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "एक वैनींचं. पान वाढलं की आम्ही मोजतो, धंदाच तसा हाय. पन त्या दिवशी तुम्हाला तोंडानं सांगायचं जमंना. म्हनून नुसता आकडा घातला. चुकलं माझं. हे घ्या तुमचे पैसे." आत येऊन त्याने नोटा टेबलावर ठेवल्या.

फोटोपुढचं पान मीच माझ्या हाताने ठेवलं होतं. पण तेही कुणीतरी मोजत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मेहुण्यांनी वही उघडली आणि त्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला विचारायला हवं होतं."

"हो साहेब."

"मी हो म्हटलं असतं."

आणि टेबलावरच्या नोटा त्यांनी एका बोटाने त्याच्याकडे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार मागे घ्यायला बँकेत गेलो. "पैसे मिळाले का, काका?" त्या मुलीने विचारलं. "नाही," असं म्हणून त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला. कारणाच्या चौकटीत, ज्या ठसठशीत अक्षरात त्यांनी जन्मभर इतरांच्या चुका नोंदवल्या, त्याच अक्षरात लिहिलं: 'मोजणीत चूक तक्रारदाराची. जेवणारे त्रेचाळीस होते.'

बँकेच्या पायऱ्या उतरताना ते मध्येच थांबले.

"दाजी, बेबीच्या पानावर कोथिंबीर वडी होती का?"

"होती."

"किती?"

"दोन."

"दोनच?" क्षणभर मला वाटलं, की आता ते परत फिरणार आणि नवा अर्ज मागणार. पण ते तिथेच पायरीवर बसले. "तिला चार लागायच्या हो," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून हातात धरला. समोरून ओझरची बस निघून गेली. मी त्यांच्या शेजारी बसलो.