अंगणवाडीतला शनिवार

आमच्या कळसाडीच्या अंगणवाडीत ताईंनी एक नवीन प्रथा सुरू केली होती. दर शनिवारी सकाळी तासभर आईबापांनी आपल्या पोरांसोबत सतरंजीवर बसायचं आणि ती करतील ते करायचं. बायको उपकेंद्रात नर्स. शनिवारी तिची ड्यूटी आणि मला सुट्टी, म्हणून चार वर्षांच्या लेकीबरोबर मीच गेलो. तिथे सगळ्या आया. पुरुष मी एकटाच. मी दाराजवळची जागा धरली, म्हणजे वेळ आली तर निसटता येईल.

पहिल्या शनिवारी कपाशीची बोंडं, चिंचोके आणि ज्वारीचे दाणे वेगवेगळे करायचे होते. ते जमलं. दुसऱ्या शनिवारी ताई म्हणाल्या, "आज एकेका पालकाने गोष्ट सांगायची." आणि सुरुवात माझ्यापासून केली, कारण मी शहाद्याला कचेरीत नोकरीला, म्हणजे बोलायला चांगला असणार.

लेकीचं मराठी सुधारावं म्हणून मी तेव्हा तिच्याशी चारचौघांत पुस्तकी बोलायचो. घरात मात्र अहिराणीच. मी घसा साफ करून सुरू केलं, "एका घनदाट अरण्यात एक धूर्त कोल्हा वास्तव्यास होता." दोन वाक्यांत एक पोरगं उठून चिंचोके वेचायला गेलं. दुसरं आईच्या मांडीवर आडवं झालं. माझी लेक तेवढी शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग तिने विचारलं, "पप्पा, तुन्हा कोल्हा हापिसमा काम करस का?"

आया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, पण कान तापले होते.

माझ्यानंतर पाळी आली ती ऊसतोडीला आलेल्या एका बाईची. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातलं कुटुंब, गावाबाहेर खोपी टाकून राहिलेलं. तिची मुलगी माझ्या लेकीएवढीच. बाईला मराठी जेमतेम येत होतं. तिने मानेनेच नाही म्हटलं. ताई म्हणाल्या, "तुझ्या बोलीत सांग, आम्ही ऐकतो."

मग तिने दोन्ही हातांची बोटं सतरंजीवर टेकवली आणि ती आडवी-आडवी चालवायला लागली. खेकडा होता तो. ती भिलीत बोलत होती. एकही पूर्ण वाक्य मला कळलं नाही, पण खेकडा ओढ्यात गेला, दगडाखाली लपला, कोणाच्या तरी पायाला चावला हे सगळं कळलं. शेवटी खेकड्याने माझ्या लेकीचा अंगठा धरला, तेव्हा सगळी पोरं किंचाळत त्या बाईभोवती गोळा झाली. तिची स्वतःची मुलगी, जी आतापर्यंत आईच्या पाठीमागे तोंड लपवून बसायची, ती पुढे आली आणि बाकीच्यांना खेकड्याचं नाव आपल्या बोलीत म्हणायला शिकवू लागली. मीही म्हटलं. तिने मान हलवून परत म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा पास केलं.

पुढचा आठवडा मी घरी सराव केला. आरशासमोर नव्हे, गोठ्यात. शनिवारी ताईंना म्हणालो, "मी परत सांगू का?"

"सांगा भाऊ. घरमा जसं बोलतस तसंच सांगा," त्या म्हणाल्या.

मी बापाकडून ऐकलेली, पपईच्या बागेत शिरलेल्या माकडाची गोष्ट अहिराणीत सांगितली. उड्या मारून दाखवल्या. गुडघा दुखला. पोरं जागची हलली नाहीत. ती डोंगरातली बाई ओठ दाबून हसत होती, आणि माकड पडलं तेव्हा मोठ्याने हसली.

त्या दिवशी बायको घरी आली आणि तिने विचारलं, "आज पोर काय शिकनी?"

"ते तिले इचार," मी म्हणालो, आणि लेक सतरंजी नसताना फरशीवरच मागच्या शनिवारचा खेकडा चालवू लागली.

होळीच्या आधी तोड संपली आणि ते कुटुंब डोंगरात परत गेलं. निघायच्या आधीच्या शनिवारी ताईंनी त्या मुलीला सगळ्या पोरांनी काढलेल्या चित्रांची वही दिली. त्यानंतरच्या शनिवारी शेजारचा शेतकरी नातवाला घेऊन आला आणि दारातच थांबला.

"माले गोष्टी येतस नही," तो म्हणाला.

मी सरकून त्याला सतरंजीवर जागा केली.