तळमजल्यावरचा पहारा

"उंगली दाओ!"

दारात उभ्या राहून माशीमा एवढंच म्हणायच्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. मी बोट पुढे केलं की सुई टोचायच्या, थेंब यंत्राला पाजायच्या आणि आकडा वाचून भुवया अशा चढवायच्या, की त्या शोधायला केस विंचरावे लागत.

नवऱ्याची बंगालमध्ये, गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत बदली झाली, तेव्हा माझा सहावा महिना सरत होता. पहिल्याच तपासणीत गरोदरपणातली साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "साखर आवरली नाही तर बाळ पोटात नको इतकं वाढेल. आठवडाभर पथ्य बघू, नाहीतर इन्सुलिन." नवऱ्याने घाबरून तळमजल्यावरच्या माशीमांना गाठलं. त्या निवृत्त नर्स, अख्ख्या इमारतीच्या माशीमा, म्हणजे मावशी. झालं, मी कैदी!

इमारतीला जिना एकच आणि त्याच्या तोंडाशी माशीमांचा मोढा, वेताचं बसकं स्टूल. समोरच्या मिठाईवाल्याच्या संदेशाचा वास तिसऱ्या मजल्यावर येऊन माझी वेणी ओढायचा. पण माशीमांची झडती चुकवून साखर वर नेणं मुंगीलाही जमेना. शेवटी मुंग्यांनीच बिऱ्हाड हलवलं. जेवण झालं की मला गच्चीवर फेऱ्या. समोर हुगळीतली जहाजं सुटायची. मी तेवढी नांगरलेली.

सहाव्या दिवशी संकष्टी आली. म्हटलं, आज उपास, साखर थेट पाताळात! आणि ताटलीभर साबुदाण्याची खिचडी हाणली. वर एक रताळं.

दोन तासांनी "उंगली दाओ!" आकडा बघून भुवया गच्चीवर.

"क्या खाया?"

"कुछ नहीं, माशीमा. उपवास है."

त्या तडक स्वयंपाकघरात. कढईतला एक साबुदाणा उचलून त्यांनी उजेडात धरला.

"ये उपवास है? इसमें तो चीनी का पूरा कारखाना है! तुम्हारा भगवान को मालूम है?"

मी हसायला गेले आणि रडूच फुटलं. "मला घरी जायचंय," मी मराठीतच म्हणाले. "वास घ्यायचा, टोचून घ्यायचं, बस्स. आणि एवढं करून बाळाला काही झालं तर?"

त्यांना किती कळलं कोण जाणे. त्या खाली गेल्या. परत आल्या त्या ताट घेऊन. दोन पोळ्या, डाळ, काकडी आणि संकष्टी असूनही माशाचा तुकडा!

"आज से हम भी यही खाएगा. मिष्टी बंद."

बंगाली बाईने मिठाई सोडली! समोरचा मिठाईवाला सांत्वनाला येऊन गेला म्हणतात. पण माशीमांनी शब्द पाळला. नातवाच्या वाढदिवसाची खीरसुद्धा नुसती ढवळली. पुढे मला थोडं इन्सुलिन लागलंच, पण आकडे ताळ्यावर आले.

मुलगी झाली. बेताची, ठणठणीत. तिची साखर तपासायला नर्सने इवली टाच धरली, तेव्हा माशीमांनी माझ्याकडे पाठ फिरवली. "दाओ मा, दाओ," बाळाला हळूच म्हणाल्या. आकडा ठीक निघाला. मग त्यांनी पदराआडून संदेश काढला. अर्धा मला, अर्धा स्वतःला. तीन महिन्यांनी पहिला.

आता आम्ही नागपुरात. माशीमा गेल्या हिवाळ्यात वारल्या. मला अजून वर्षातून एकदा साखर तपासावी लागते. लॅबमधली बाई दंडाला पट्टा बांधून म्हणते, "मूठ आवळा, ताई."

मी मात्र बोटच पुढे करून बसलेली असते.