पहिल्या पानावरचं नाव

जगातल्या महागड्या निवासी शाळांमध्ये झालेले सगळे खून घाटंजीतल्या एका ओसरीवर बसून उलगडलेली व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे. ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. आयुष्यभर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर, नात सोनू मागवायची त्या किशोरांसाठीच्या इंग्रजी रहस्यकथा त्यांच्या हाती लागल्या. कोट-टाय घातलेली श्रीमंत मुलं, मैलभर हिरवळ, घड्याळाचा मनोरा आणि पहिल्याच प्रकरणात तलावात तरंगणारं प्रेत. आत्याबाईंना मग दुसरं वाचन चालेना. त्या आधी शेवटचं प्रकरण वाचत आणि खुन्याचं नाव पेन्सिलीनं पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. पुस्तक पुढे गल्लीतल्या मुलींकडे जायचं, त्यांच्या सोयीसाठी. "जीवाले घोर कायले? कोन वाईट हे आधीच समजलं म्हंजे मानूस सुखानं वाचते," असं त्यांचं म्हणणं. गल्लीतल्या मुली, आणि खुद्द सोनूही, तो कोपरा अंगठ्यानं झाकून पुस्तक उघडायला शिकल्या होत्या.

वाचनाचा परिणाम पुस्तकापुरता राहिला नाही. दूधवाल्याला उशीर झाला की इतका वेळ तो कुठे होता आणि त्याला तिथे कोणी पाहिलं, हे त्याला सांगावं लागे. एकदा तो वैतागून म्हणाला, "म्हैस होती न माझ्यासोबत, मॅडम!" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हशीची साक्ष चालत नाही." मी यवतमाळला वर्तमानपत्रात काम करतो. आमच्या गुन्हेवृत्तांवर त्यांचा कायम राग. "दुसऱ्याच ओळीत आरोपी पकडला? जवाईबापू, वाचनाऱ्यानं मंग काय करायचं?" पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहिणाऱ्या बाईंचा हा आक्षेप होता, याची इथे नोंद करतो.

मागच्या उन्हाळ्यात सोनूला डोंगरावरच्या एका मोठ्या निवासी शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. मी पेढे घेऊन गेलो, तर आत्याबाई ओसरीवर बसलेल्या. पुस्तकांचा ढीग शेजारी होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. "लहान गावची, हुशार, शिष्यवृत्तीवर आलेली पोरगी. तीच मरते, जवाईबापू. नेहमी तिसऱ्या प्रकरणात." मी हसायला लागलो आणि थांबलो, कारण त्यांचे डोळे भरले होते. सोनूचे आईवडील पुण्याला नोकरीत. चालायला लागल्यापासून ती आजीच्याच कुशीत झोपलेली. मुलानं फोनवर सांगितलं होतं, "आई, तू म्हणशील तसं." सोनूनं मात्र बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि आत्याबाई येता-जाता त्या बॅगेला वळसा घालत होत्या.

शेवटी ठरलं की आधी शाळा बघायची, मग हो की नाही ते तिथेच सांगायचं. गाडी मी चालवली, भरलेली बॅग मागे होती. प्राचार्यांनी ग्रंथालय दाखवलं, पोहण्याचा तलाव दाखवला. आत्याबाईंनी त्या तलावाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी अत्यंत शुद्ध इंग्रजीत विचारलं, "घड्याळाच्या मनोऱ्याची किल्ली कोणाकडे असते?" शाळेत मनोराच नाही, असं प्राचार्य म्हणाले. आत्याबाई माझ्या कानाशी आल्या. "लपवून राह्यले."

वसतिगृहाच्या खोलीत सोनूची जोडीदारीण पलंगावर बसली होती. भारी बूट, भारी बॅग, मोठ्या घरची. पुस्तकांच्या हिशेबानं हीच पहिली संशयित. आत्याबाई तिच्यासमोर बसल्या. "काल संध्याकाळी कुठे होतीस?"

"मम्मीजवळ," ती म्हणाली आणि ओठ काढून रडायला लागली.

तपास तिथेच थांबला. आत्याबाईंनी सोनूसाठी आणलेला चिवड्याचा डबा उघडला. "खाय बाप्पा, खाय. उपाशीपोटी रडून राह्यली का?" पोरगी हुंदके देत खायला लागली. तिचं नाक आपल्या पदरानं पुसत आत्याबाई नातीकडे वळल्या. "सोने, हे पोरगी कोनाले मारत नाही. हिलेच सांभाळा लागन तुले."

सोनूला होकार कळला. तिनं आजीला मागून घट्ट मिठी मारली. चिवडा खाण्याचा आवाज तेवढा येत होता.

निघताना फाटकाशी आत्याबाईंनी पिशवीतून एक नवं पुस्तक काढून सोनूला दिलं. तिनं सवयीनं पहिल्या पानाचा कोपरा अंगठ्यानं झाकून ते उघडलं, मग हळूच अंगठा सरकवला. कोपरा कोरा होता.

"आजी, नाव?"

"मी वाचलं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "शेवटचं पानही नाही. तू वाच अन् मले सांगत जाय."

परतीच्या वाटेवर कळंबला चहाला थांबलो, तेव्हा कप हातात धरून आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "आता पहिलं प्रकरण चालू असन."

दर रविवारी सोनूचा फोन येतो. ती एक प्रकरण सांगते, आत्याबाई संशयितांची चौकशी करतात. जोडीदारीणही मध्येच आपला संशय मांडते आणि चिवडा मागते. खुनी कोण, हे आत्याबाई कधी विचारत नाहीत, सोनूही सांगत नाही.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. पुस्तक अजून चालूच आहे. मी ते पाहिलं होतं. फार जाड नव्हतं.