बर्फावरचा वापसा

ज्योतिबाअण्णांनी उभ्या आयुष्यात रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही. पण कडोलीच्या बाजूच्या त्यांच्या गावात तीस वर्षं एकही नाटक त्यांच्यावाचून उभं राहिलं नाही. ते प्रॉम्प्टर होते. विंगेत पोतं अंथरून बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि शब्द विसरून राजा घामाघूम झाला की पुढची ओळ हळूच त्याच्या कानात सोडायची. राजा गर्जायचा, टाळ्या राजाला पडायच्या. अण्णा पोत्यावर बसून गालातल्या गालात हसायचे.

रानातही त्यांच्या शब्दाला तोच मान. त्यांचं पीक बटाट्याचं. पाऊस थांबून ऊन पडलं की ते बांधावर वाकून मूठभर माती उचलत, दाबत आणि सोडत. माती भुसभुशीत सुटली की म्हणत, "वापसा आलाय, उतरा रं." मगच आजूबाजूचे लोक औत बाहेर काढत. ओल जिरून जमीन पाऊल घ्यायला तयार झाली, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला कळत नसे.

त्यांची एकुलती लेक दिपाली. बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत ती खेळ शिकवायची. एका हिवाळ्यात हिमाचलात जाऊन स्कीइंग शिकून आली, आणि मग दरवर्षी निपाणीची तिची मैत्रीण पारमिता आणि ती, दोघी जायला लागल्या. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं, एवढं तिच्या आईला, बाळाबाईंना, समजलं.

"एवढ्यासाठी दोन दिवस रेल्वेत बसतीस व्हय?" बाळाबाई म्हणाल्या. "आपल्या बांधावरनं घसर की. चिखल फुकट हाय."

अण्णांना मात्र नादच लागला. दिपालीनं त्यांच्या मोबाइलवर तिथल्या हवामानाचं पान काढून दिलं आणि एकेक रकाना समजावला. डोंगरमाथ्याचं तापमान वेगळं, पायथ्याचं वेगळं. नवा बर्फ सेंटिमीटरमध्ये. वारा किती, ढग किती. माथ्यावर उणे आठ-दहा असलं तर बर्फ पिठासारखा कोरडा; शून्याच्या वर गेलं की ओला, जड. पायथ्याला पाऊस पडून रात्री गोठला तर उतार काचेसारखा. नाटकाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर अण्णांनी हे सगळं उतरून घेतलं. रोज सकाळी निघण्याआधी तिचा फोन यायचा. ती वडिलांना आप्पा म्हणायची.

"आप्पा, प्रॉम्प्टिंग करा!"

"माथ्यावर उणे नऊ. रातचा बर्फ बारा सेंटिमीटर. वारा बेताचा. दुपारनंतर ढग, तवर परत ये."

"तिथं बर्फ पडला की हितं ह्यास्नी हुडहुडी भरतीया," बाळाबाई चुलीपुढून म्हणायच्या.

तीन हिवाळे त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही.

गेल्या फेब्रुवारीत तिथं तीन दिवस सलग बर्फ पडला. वीस, पस्तीस, तीस. वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर. पोरी खोलीत अडकून पडल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी पान उघडलं तर ढग शून्य, वारा पडलेला, लख्ख ऊन, तापमान चढतं. खाली कोपऱ्यात डोंगराचं एक बारकं चित्र तांबडं झालं होतं. ते गाइड बघतो, असं दिपालीनं पूर्वी सांगितलं होतं, म्हणून अण्णांच्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

फोन आला. "आप्पा, बोला."

"उघडीप हाय गं! पंच्याऐंशी सेंटिमीटर नवा बर्फ, वरनं ऊन. पोरी, वापसा आलाय. उतर!"

"वापसा!" ती खळखळून हसली. "पारमिता, ऐकलंस का? आमच्या आप्पांनी बर्फाला पण वापसा आणला!"

ते तिचं शेवटचं हसू. दुपारी बर्फाचा वरचा अख्खा थर सुटला आणि तिला घेऊन खाली गेला. पारमिता मागं होती, ती वाचली.

त्या तांबड्या चित्राचा अर्थ अण्णांनी नंतर शोधला: उतारावरचा बर्फ कोसळण्याचा धोका. नातेवाईक येत होते, जात होते आणि अण्णा कोपऱ्यात मोबाइल घेऊन हिंदीतून एकेक ओळ लावत बसले होते. पाणी मातीत जिरतं, म्हणून उघडीप पडली की शेतकऱ्यानं उतरायचं. नवा बर्फ मात्र खालच्या जुन्या टणक थरावर नुसता बसलेला असतो. वाऱ्यानं एका अंगाला त्याचे ढीग रचलेले असतात आणि पहिल्याच उन्हात तो सैल होतो. इतका बर्फ पडून गेल्यावरचा पहिला स्वच्छ दिवस, तोच सगळ्यात घातकी. एक-दोन दिवस थांबायचं असतं.

एक-दोन दिवस. अण्णांनी त्यानंतर रानात पाऊल टाकलं नाही. वळीव पडला की शेजारी वापसा विचारायला येत, तर ते तोंड फिरवून घेत. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं.

मे महिन्यात पारमिता आली. दिपालीचा एक हातमोजा तिनं अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो मांडीवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली.

"पोरी, एकच विचारतो. त्या दिवशी ती माझ्या शब्दावर उतरली काय?"

"नाही काका," पारमिता म्हणाली. "जायचं आदल्या रात्रीच ठरलं होतं. तुमचा फोन झाला तेव्हा आमचे बूटसुद्धा चढवून झाले होते. तुमच्या बोलण्याचा त्यात काही संबंध नाही."

एका दमात. कुठं अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. तीस वर्षं विंगेत बसलेल्या माणसाला मनातलं बोलणं आणि पाठ केलेलं बोलणं यातला फरक कोण शिकवणार? आणि पाठांतर संपताना नवखा नट जसा विंगेकडे बघतो, तशी तिची नजर अण्णांच्या खांद्यावरून मागं, दाराकडे गेली.

अण्णांनी वळून पाहिलं. दारात बाळाबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्यांचे ओठ आवाज न करता हलत होते. "काही संबंध नाही," हेच शब्द ओठांवर होते.

म्हणजे हिनं पोरीला आधीच गाठलं होतं. ओळी हिच्या होत्या. तीन महिने जी बाई लेकीसाठी त्यांच्यासमोर एकदाही रडली नाही, ती त्यांच्यासाठी विंगेत उभी राहिली होती.

क्षणभर अण्णांना वाटलं, विचारावं: ती हसत हसत उतरली ना, माझं नाव घेऊन? पण बाळाबाई अजून दारातच होत्या, अण्णांच्या तोंडाकडे बघत.

ज्योतिबाअण्णांनी मान वर केली. पदरात आजवर एकही भूमिका न पडलेल्या त्या माणसानं मोठा श्वास घेतला आणि खांदे सैल सोडले.

"व्हय?" ते म्हणाले. "लई बरं झालं सांगितलंस, पोरी. छातीवरचा धोंडा उतरला बघ."

पारमिता ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. बाळाबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा, त्यांच्यासमोर.

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "आज साखर बरोबर पडलीया," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं मांडीवरचा हातमोजा घट्ट धरून ठेवला.