माझ्या गालाची शेड

"मॅडम, गाल इधर. शेड मिलाना है."

मेकअपवाल्यानं ब्रश माझ्या गालाला टेकवला. मग तोच रंग शेजारच्या खुर्चीतल्या गोऱ्या मुलीच्या गालावर लावला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "थोडा और काला," म्हणाला आणि डबीत रंग कालवू लागला. आरशात आम्ही दोघी. ती हळूहळू माझ्यासारखी होत चालली होती. ब्लाउजपीस जुळवायला दुकानात साडी नेतात ना, तशी मी तिथे बसले होते.

आणि घरून निघाले होते हिरोईन म्हणून.

वाणगावच्या पुढे आमचा वारली पाडा. तिथून मी बोईसरच्या साडीच्या दुकानाच्या बोर्डावर गेले, तिथून मुंबईच्या रॅम्पवर. तिथे माझ्या रंगाला 'डस्की' म्हणायचे. फार कौतुक. पण शेवटचा नवरीचा घागरा मात्र दुसरीला. मी चालवून घ्यायचे. मला सिनेमात काम करायचं होतं.

मग सर भेटले. दिग्दर्शक. पाड्यावर आले, आईच्या हातची नाचणीची भाकरी खाल्ली, म्हणाले, "ही तुझीच गोष्ट आहे. तुझ्याशिवाय कोण करणार?" वर्षभर मी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. मी कशी हसते, हसताना तोंडावर हात कसा जातो, आजी गेली तेव्हा कशी रडले. सगळं दिलं. शब्द दिलाय म्हणजे झालं, असं मला वाटायचं.

सरांना सिनेमात लग्नाचा चौक हवा होता. खराखुरा. आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न नसताना चौक लिहीत नाहीत. आई ऐकेना. तेव्हा सर म्हणाले, "आई, तुमच्या मुलीचंच लग्न लागतंय असं समजा." आई विरघळली. पोर शहरात गेली, हिचं आता कुठलं लग्न, असं तिनं मनाशी धरलं होतं. सिनेमात का होईना, पोर नवरी होऊन चौकासमोर उभी राहील. तिनं पीठ कालवलं.

मेकअपच्या तंबूतून मी तडक सरांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, प्रोड्युसरला नाव लागतं. तू समजूतदार आहेस. तिला तुझे व्हिडिओ दाखवलेत, छान अभ्यास केलाय तिनं. आणि तुला करवली ठेवलंय ना. तू मागे असलीस की फ्रेम खरी वाटते."

तेवढ्यात ती मुलगी बाहेर आली. कुणीतरी काही बोललं, ती हसली आणि तिचा हात तोंडावर गेला. माझा हात. घरात चोर शिरला तर माणूस ओरडतो. मला ओरडताही येईना. या चोराला तर आम्ही पाट मांडून जेवू घातलं होतं.

आई सेटवरच्या लग्नघराच्या भिंतीपाशी होती. चौकाची चारी बाजूंची नक्षी झाली होती, देवीची जागा तेवढी मोकळी. तिनं नवरीच्या साडीतल्या मुलीला न्याहाळलं. मग मला.

"ही कोणाची पोर हाय?"

मी नजर वळवली.

"आन तू कुठं उभी रानार?"

"हिच्या मागं."

"आई, देवी काढा ना पटकन. ऊन जातंय," सर मागून म्हणाले.

आईनं बांबूची काडी पिठात बुडवली. आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती मान हलवली असती तर तिनं देवी लिहिली असती. करवली तर करवली, पोरीला काम तर हाय, असं म्हणून गिळलं असतं.

"आये, देवी नको लिहू."

"नाटकं करू नकोस," सर म्हणाले. "पुन्हा काम मिळणार नाही."

"नको मिळू दे."

सेटच्या भिंती सारवायला बादलीत शेण कालवून ठेवलं होतं. मी हात घातला आणि चौकावर फिरवला. आईनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. सकाळपासून लिहिलेलं सगळं आम्ही मायलेकींनी सारवून टाकलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही.

काम खरंच मिळालं नाही. सिनेमा लागला. चौक कुणीतरी ऑइलपेंटनं काढला होता. ती मुलगी माझं हसू हसली, तिला बक्षीस मिळालं. स्टेजवर तिनं 'त्या भोळ्या माणसांचे' आभार मानले. मला अजून राग येतो. येऊ दे.

मी पाड्यावर परतले आणि आईकडून काडी धरायला शिकले. आता माझी चित्रं शहरात लागतात. परवा प्रदर्शनात सर आले. माझा हात धरून लोकांना सांगू लागले, "हिला मी शोधलं."

मी हात सोडवून घेतला. "मी हरवले नव्हते, सर."

ते हसले. नवा सिनेमा आहे म्हणाले, या वेळी नक्की तूच, फक्त आईला चौकाचं विचार.

मी नाही म्हणाले. आई थकलीय, काडी धरताना तिचा हात कापतो. एक चौक राहिलाय, एवढंच ती म्हणते. तो ती माझ्या सिनेमासाठी लिहील. गोष्ट माझी आहे, मीच लिहितेय. नवरी मीच होणार. पैसे जमतील तेव्हा जमतील, पण दुसऱ्या कुणाला मी ती गोष्ट देणार नाही.

आणि पुन्हा कुणी "गाल इधर" म्हणालं, तर मी गाल वळवणार नाही. सगळं तोंड त्याच्याकडे करीन आणि त्याच्या डोळ्यांत बघेन.