रांगोळी न लागणारी खोली

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत नक्षीच्या सिमेंटच्या फरशा होत्या. कडेने काळी वेल आणि मधोमध चार फरशा मिळून होणारं लाल कमळ. आईला रांगोळी कधीच जमली नाही. ठिपके नीट पडायचे, रेषा भलतीकडे जायच्या. म्हणून लक्ष्मीपूजनाचा पाट ती थेट त्या कमळावर मांडायची. शेजारच्या काकू दर दिवाळीला म्हणायच्या, "तुमचं बरं आहे बाई, बारा महिने रांगोळी घातलेलीच."

"हव," आई म्हणायची, "अन् वाऱ्यानं उडतही नाही."

धाकट्या भावाने घर दुरुस्तीला काढलं तेव्हा तिने एकच अट घातली. मधल्या खोलीच्या फरशीला हात लावायचा नाही. तो कबूल झाला. बाकी घरात चकचकीत टाइल्स बसल्या. काम संपेपर्यंत आई माझ्याकडे नवा रायपूरला होती आणि फोनवर त्याला विचारायची, "फरशी आहे ना रे?"

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग दिला आणि त्या फरशीवर चुन्याचे डाग पडले. सासू यायच्या आत ती लख्ख दिसावी म्हणून भावजयीने संडासात वापरायचं ॲसिड ओतून घासली. नव्या टाइल्सवरचे डाग त्यानेच निघाले होते. पण जुन्या फरशांचा रंग सिमेंटच्या वरच्या थरातच असतो. डागांबरोबर तोही गेला. मी आईला घेऊन पोचले तेव्हा कमळाच्या जागी खरबरीत, फिकट गुलाबी ठिगळ उरलं होतं.

"मम्मी, मुझे लगा चमक जाएगा," भावजय म्हणाली.

आईने वाकून हात फिरवला. हाताला लागलेली भुकटी पदराला पुसली. "हात तर नाही भाजले ना तुझे?" एवढंच विचारलं.

मी चौकशी केली. पॉलिश करून मिळतं, पण गेलेला रंग परत येत नाही. रागवायलाही कुणी नव्हतं. भावाने शब्द पाळला होता, भावजयीने कष्टच केले होते. आई ती फरशी नुसत्या पाण्याने पुसायची. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

पूजेच्या संध्याकाळी आईने रांगोळीचा डबा भावजयीपुढे ठेवला. "तूच काढ. मले नाही येत."

"वही कमल बना दूँ, मम्मी?"

"नको. दुसरं काही काढ."

तिने त्या ठिगळावर मोर काढला. चांगला जमला होता. तो पुसला जाऊ नये म्हणून आईने पाट भिंतीशी मांडला.