तिसरा भाग मी रचला

कुवेतला आमचा संसार सुरू झाला तो रुमैथियातल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये. नवरा सकाळीच कंपनीच्या बसने निघून जायचा, मुलगी शाळेत, आणि नाशिकला मराठी शाळेत शिकलेली मी दिवसभर एसीची घरघर ऐकत बसायची. समोरच्या फ्लॅटमधली स्कॉटिश नर्स नोकरी संपवून मायदेशी निघाली तेव्हा जाडजूड कादंबऱ्यांचं एक खोकं मला देऊन गेली. सगळ्या एकाच लेखिकेच्या.

मागच्या पानावर तिचा फोटो होता. पिकलेले केस, हातानं विणलेला स्वेटर. तीही स्कॉटलंडचीच. लहानपणीच शाळा सुटली, बिस्किटांच्या कारखान्यात राबली, चार मुलं वाढवली आणि पन्नाशी उलटल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पहिली कादंबरी लिहिली. कादंबरी उघडण्याआधी मी त्या चार ओळीच तीनदा वाचल्या.

गोष्ट होती कोळ्यांच्या गावातल्या एका घराण्याची. तीन भागांत. खालच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक भाभी राहायच्या, माझ्याहून वयानं मोठ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सकाळी डिक्शनरी घेऊन वाचलेलं प्रकरण मी दुपारी चहाबरोबर त्यांना मराठीत सांगायला लागले. नायिका बंदरावर मासे साफ करायची, मीठ लावून पिंपात भरायची. बोटांना चिंध्या बांधून.

"कापलेल्या बोटात मीठ गेलं की आग आग होते," भाभी म्हणाल्या. "माझी आजीपण बांधायची."

चार पानांनंतर पुस्तकात नेमकं हेच निघालं.

दोन भाग संपले आणि कळलं, तिसरा खोक्यात नाहीच. भाभी मात्र रोज विचारायच्या, "मग पुढं काय झालं, बाय?" नाही म्हणवेना. सकाळी भाजी चिरताना मी पुढचा भाग रचायचा आणि दुपारी सांगायचा, असं महिनाभर चाललं. शेवटी नायिकेचं एका कप्तानाशी लग्न लावून दिलं. भाभींनी ओढणीनं डोळे पुसले. मला वाटलं, जमलं.

काही वर्षांनी शुवैखच्या पलीकडे भरणाऱ्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या भांड्यांशेजारी, खरा तिसरा भाग सापडला. दोन दिवसांत वाचून काढला. त्यात कप्तान लग्नाचं विचारतो आणि ती चक्क नाही म्हणते. स्वतःचा सुक्या मासळीचा धंदा काढते. मी ओशाळून खाली गेले आणि भाभींपुढे सगळं कबूल केलं.

भाभी हसायलाच लागल्या. "मला तेव्हाच खटकलेलं. ती कुणाच्या घरात बसायची नव्हती. पण तू इतकं रंगवून सांगत होतीस, मोडता कशाला घालू?"

"मग रडलात का?"

"लग्न म्हटलं की मी रडतेच."

चहा झाल्यावर म्हणाल्या, "खोटं इतकं छान सांगतेस, तर माझ्या आजीचं खरं लिही की."

त्या सांगत गेल्या आणि मी मुलीच्या उरलेल्या वह्यांत लिहीत गेले. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात ते छापून आलं. अंक हातात पडला त्या दुपारी भाभींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकदाच थांबवलं. "सुरमई नव्हे, बांगडे. सुरमई विकायला जायची, घरी बांगडेच."

अंकात ते तसंच राहिलं. माझ्या प्रतीत मात्र मी पेननं बांगडे केले.